तंबोरा ऐकूं येतो काय?

गाणें ऐकण्याची रीति गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत जितकी पालटली, तितकी ती त्यापूर्वींच्या हजार वर्षांत पालटली नसेल. पूर्वीं गवयासमोर बसल्यावांचून गाणें कानीं पडत नसे. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानच्या आवाजाचें मुद्रण झालें, आणि गवई एका गांवीं व श्रोता दुसऱ्या गांवीं हा प्रकार आपल्या देशांत रूढ होऊं लागला. पुढें रेडिओ आला, टेप आली, कॅसेट आली. आतां तर खिशांतील मोबाइलवर वाटेल त्या गवयाची वाटेल ती बैठक मध्यरात्रींही हजर होते. सोय झाली खरी, परंतु घर तेंच राहिलें. त्याच घरांत कोणाचा अभ्यास चाललेला असतो, कोणी दिवसभर राबून झोपीं गेलेलें असतें, कोणी आजारी असतें. म्हणून गाणें खोलींतून उठून कानांवर येऊन बसलें, आणि हेडफोन घरोघर दिसूं लागला. तो निवडावा कसा, याविषयीं मात्र आमच्या समवयस्कांत फारसा विचार झालेला आढळत नाहीं. दुकानदार जो डबा पुढें करील तो घेऊन यावयाचें, अशीच बहुतेकांची पद्धति. त्यांतून ‘उघड्या पाठीचा’ हेडफोन म्हणून जी एक जात आहे, ती आमच्या रागसंगीतास किती मानवते हें तर पुष्कळांस ठाऊकच नसतें. येथें तिच्याविषयींच लिहावयाचें आहे.

नांवाविषयीं एक शब्द. आमचे एक संस्कृतज्ञ स्नेही या वस्तूस ‘कर्णसंपुट’ म्हणावें असें सुचवितात. शब्द गोड आहे. परंतु संपुट म्हणजे झांकण घातलेली डबी, आणि आम्ही ज्या जातीची शिफारस करणार तिचा सारा गुण ती झांकलेली नसण्यांतच आहे. ‘श्रवणयंत्र’ म्हणावें तर तो शब्द बहिऱ्यांच्या यंत्रानें आधींच घेतलेला. तेव्हां सर्वांच्या तोंडीं बसलेला हेडफोन हाच शब्द बरा.

हेडफोनची अंतर्रचना अवघड नाहीं. लोहचुंबकाच्या खांचेंत बारीक तारेचें वेटोळें असतें व तें एका पातळ पडद्यास चिकटविलेलें असतें. गाण्याचा विद्युत्प्रवाह वेटोळ्यांतून वाहूं लागला कीं तें मागेंपुढें हालतें, आणि त्याबरोबर पडदाही हालून हवेंत लहरी उठवितो. आतां पडदा पुढें गेला म्हणजे जशी कानाकडे एक लहर जाते, तशीच त्याच्या पाठीमागें दुसरी लहर निघते. या मागच्या लहरीचें करावयाचें काय, हाच सारा प्रश्न. बंद हेडफोनांत पडद्यामागें टणक वाटी असते. लहर तिच्यावर आपटते, कांहीं आंतल्या मऊ द्रव्यांत जिरते, उरलेली परतून पडद्याकडे येते व पुढच्या स्वरांत मिसळते. घागरींत तोंड घालून बोलणाऱ्या मुलाचा आवाज घुमतो, त्याच जातीचा परंतु पुष्कळ सौम्य असा हा घुमारा होय. चांगले कारखानदार तो बराच आवरतात, हेंही सांगितलें पाहिजे. उघड्या हेडफोनांत वाटीच्या जागीं जाळी असते, आणि मागची लहर त्या जाळींतून निघून जाते ती जातेच. त्यामुळें स्वर मोकळा लागतो, आणि गाणें डोक्याच्या आंत कोंडलेलें न वाटतां डोक्याभोंवतीं पसरल्याचा भास होतो. याचें मोल म्हणून बाहेरचा आवाज आंत येतो, आंतला बाहेर जातो, आणि अगदीं खालचा नाद कांहींसा क्षीण होतो.

अमेरिकेंत युटा प्रांतीं नथॅनियल बाल्डविन यानें १९१० च्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरांत बनविलेले हेडफोन तेथील आरमारानें बिनतारी संदेशांसाठीं घेतले होते. दोन कानांस दोन निराळे ध्वनि देणारा स्टीरिओ हेडफोन जॉन कॉस यानें १९५८ सालीं मिल्वॉकी येथें लोकांपुढें मांडला. उघड्या पाठीचा हेडफोन जर्मनींतील सेनहायझर कंपनीनें १९६८ सालीं प्रथम बाजारांत आणला; एचडी ४१४ हें त्याचें नांव, त्यास पिवळ्या स्पंजाच्या गाद्या असत, आणि तो एक कोटीहून अधिक खपला.

आमच्या गाण्यास हा प्रकार कां मानवतो, हें कळण्यास तंबोऱ्यापाशीं गेलें पाहिजे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यांत स्वराचें लक्षण सांगतांना, पहिल्या श्रवणामागून जो स्निग्ध, अनुरणनात्मक नाद उरतो त्यावर त्यानें भर दिला आहे. तंबोरा हें या लक्षणाचें मूर्तिमंत उदाहरण होय. त्याच्या घोडीचा माथा किंचित् कमानदार असतो. तार व घोडी यांच्यामध्यें बारीक दोरा सरकवून जवारी लावतात, आणि मग एका तारेच्या छेडण्यांतून स्वरांचा सबंध पुंजका उमलतो. यंग व हेल्महोल्ट्झ यांच्या नियमाप्रमाणें तार ज्या स्थानीं छेडली असतां जे उपस्वर उमटूं नयेत, तेही तंबोऱ्यांत व वीणेंत जोरानें उमटतात, ही गोष्ट चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं पुढें मांडली व तिचें कारण घोडीच्या घडणींत शोधलें. पुरुषगायकाचा तंबोरा काळी एकमध्यें लावला म्हणजे त्याचा खर्ज सेकंदास सुमारें ६९ कंपनांचा होतो. त्याच्या पांचपट, म्हणजे सुमारें ३४६ कंपनांवर, कोणीही न छेडलेला गंधार आपोआप ऐकूं येतो. यालाच जाणकार स्वयंभू गंधार म्हणतात. मिरजेच्या कारागिरांची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या याच अनुरणनासाठीं वेंचली गेली आहे. तेथील तंबोऱ्यास व सतारीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें तें उगीच नव्हे.

आतां हें अनुरणन भोपळ्यांतून निघून खोलीभर पसरतें, व गवई त्या नादाच्या मध्यें बसून गातो. समोर बसलेल्या श्रोत्यास तंबोरा कोठून येतो हें बोटानें दाखवितां येत नाहीं. तो सगळीकडून येतो. बंद वाटींत हा विस्तार आखडतो, उघड्या जाळींत तो पुष्कळसा टिकतो. म्हणून आमची परीक्षा अशी कीं, हेडफोन घेतांना प्रथम गायकाकडे लक्ष देऊंच नये. आपल्या नेहमींच्या ऐकण्यांतलें एखादें मुद्रण लावावें, आणि गायकानें तोंड उघडण्यापूर्वीं तंबोरा एकटा वाजत असतो तेवढाच भाग तीनचारदां ऐकावा. चारही तारा निरनिराळ्या ओळखूं येतात काय? खर्जाच्या मागून गंधार डोकावतो काय? जवारी रेशमासारखी लागते, कीं पत्र्यावर वाळू पडल्यासारखी? मग गायकास षड्ज लावूं द्यावा आणि पाहावें, कीं तंबोरा त्या षड्जाखालीं दडपून नाहींसा होतो, कीं मागें तसाच वाहत राहतो. दुकानांत बहुधा दणदणीत नाचाचें गाणें लावून दाखवितात. त्यावरून ख्यालासाठीं हेडफोन निवडणें म्हणजे मिरची चाखून गुळाची पारख करणें होय.

आमच्या घरीं ही परीक्षा गेल्या वर्षींच्या दिवाळींत झाली. पुण्यास नोकरी करणारा आमचा भाचा एक बंद व एक उघडा असे दोन हेडफोन घेऊन आला होता. दोन्ही किंमतीनें जवळजवळ सारखे. तंबोऱ्याच्या परीक्षेंत उघडा सरस ठरला, पण तेवढ्यानें आमची निवड झाली नसती. आमच्या वडील भगिनी, ज्यांस घरांत सर्वजण आक्का म्हणतात, त्या मांडीचें हाड मोडल्यापासून अंथरुणावर आहेत. त्यांचें वय ब्याऐंशी. रात्रीं पाणी हवें असलें कीं हांक मारण्याइतका जोर त्यांच्या आवाजांत नसतो, म्हणून उशाशीं ठेवलेल्या तांब्यावर त्या चमच्यानें ठोका मारतात. मुलगा व सून पहांटे उठणारीं. तेव्हां रात्रीं नवापासून बारापर्यंत तो ठोका ऐकण्याचें काम आमचें, आणि गाणें ऐकण्याची वेळही तीच. भाच्यास आम्हीं आक्कांच्या खोलींत बसविलें आणि थांबून थांबून पांच ठोके मारावयास सांगितलें. बंद हेडफोन घालून मध्यम आवाजांत गाणें ऐकत असतां एकही ठोका कानीं आला नाहीं. उघड्यांतून पांचही आले.

‘मामा, पण यांतून निम्मं गाणं बाहेर जातंय,’ असें भाच्याचें म्हणणें पडलें. तें खोटें नव्हतें. दुसऱ्या रात्रीं आम्ही आक्कांच्या खाटेशेजारींच बसून ऐकत होतों. त्या डोळे मिटून पडल्या होत्या. झोंपल्या असाव्या असें वाटलें. थोड्या वेळानें त्यांनीं विचारलें, ‘काय रे, जयजयवंती लावलीस होय?’ हातभर अंतरावरून, निजल्या निजल्या, त्यांस राग ओळखतां आला इतका तो ध्वनि बाहेर येतो, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. शेजारीं आक्का असतील तर हा गुण. शेजारीं बारावीच्या परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा असेल तर हाच दोष. आगगाडींत किंवा एसटींत तर उघडा हेडफोन घालणें हें शेजारच्या उतारूच्या सहनशक्तीची परीक्षा पाहणेंच होय.

कोणतें मुद्रण ऐकावयाचें, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. आमच्या कोल्हापूर प्रांतांत गाण्याची आवड शाहू महाराजांच्या दरबारापासून मुरलेली आहे. अल्लादिया खांसाहेब १८९५ पासून त्या दरबारीं होते. त्यांचे चिरंजीव भुर्जी खां यांनीं ती गायकी पुढें शिकविली. मल्लिकार्जुन मन्सूर व कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी यांस त्यांची तालीम मिळाली. परंतु खुद्द अल्लादिया खांसाहेबांचा आवाज लाखाचा हेडफोन घेतला तरी ऐकूं यावयाचा नाहीं, कारण त्यांनीं तबकड्या दिल्याच नाहींत. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचा आवाज आहे, पण तो बहुतेक ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर, तीनसाडेतीन मिनिटांत आटोपलेला. त्यांतील भैरवीची एक चीज १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत गेली. तेथें ती कोण कसल्या यंत्रानें ऐकेल तें ऐको. आपल्यापुरतें बोलावयाचें तर अशा जुन्या तबकड्यांसाठीं महागडा उघडा हेडफोन घेणें आम्हांस पटत नाहीं. एकच ध्वनि दोन्ही कानांत सारखा येत असल्यामुळें तो डोक्याच्या मधोमध जाऊन बसतो, मग पाठ उघडी असो वा बंद. १९२५ पूर्वीं, म्हणजे कर्ण्यांत गाऊन मुद्रण करीत त्या काळीं, तंबोरा तबकडीवर फारसा उतरतच नसे. वर चांगला हेडफोन तबकडीची खरखरही चांगलीच ऐकवितो! या मुद्रणांस समोर ठेवलेला लहानसा स्पीकर पुरे. उघड्या पाठीचा खरा उपयोग लाँग-प्ले तबकड्यांपासून पुढच्या, दोन वाहिन्यांच्या लांब मुद्रणांस. ज्यांत विलंबित ख्याल अर्धा तास चालतो, तबला एका अंगास व पेटी दुसऱ्या अंगास ऐकूं येते, आणि तंबोरे मागें पडद्यासारखे पसरलेले असतात.

भाच्यास जॅझचा नाद आहे. आमच्या वयाच्या वाचकांनीं नाक मुरडण्यापूर्वीं हें लक्षांत घ्यावें कीं तें संगीत आपल्या प्रांतास अगदींच परकें नाहीं. १९३५ सालीं लिऑन अ‍ॅबी या अमेरिकन वादकाचें पथक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजवीत होतें. पुढें टेडी वेदरफोर्ड याचा पियानो तेथें गाजला. गोमंतकीय वादकांनीं ती विद्या झपाट्यानें आत्मसात् केली. त्यांतील ट्रंपेटवादक आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नांवानें प्रसिद्ध झाले, आणि पुणतांब्याच्या सी. रामचंद्र ऊर्फ रामचंद्र चितळकर यांच्या वाद्यवृंदांतही त्यांचा हात होता; ‘अलबेला’ (१९५१) ऐकलेल्यांस तो ओळखूं येईल. १९६८ सालीं शंकर-जयकिशन यांनीं रईस खां यांची सतार घेऊन रागांवर जॅझची तबकडी काढली, आणि १९७८ पासून मुंबईंत ‘जॅझ यात्रा’ भरूं लागली.

हेडफोनच्या दृष्टीनें मात्र ख्याल व जॅझ यांच्या गरजा सर्वस्वीं एक नाहींत. काळी एकचा खर्ज ६९ कंपनांवर थांबतो, म्हणून खालचा नाद थोडा क्षीण झाला तरी ख्यालाचें फारसें बिघडत नाहीं. जॅझमधील उभें डबल-बास ४१ कंपनांपर्यंत उतरतें, आणि सगळ्या वाद्यांस तेंच चालवीत असतें. तें पुसट झालें कीं जॅझचा कणाच मोडतो. जॅझ ऐकणाऱ्यानें म्हणून बासची प्रत्येक चाल पायऱ्यांसारखी निरनिराळी मोजतां येते काय, हें पाहावें. झांजेवर तारांच्या कुंच्यानें जो हलका सूं सूं आवाज काढतात, तो त्यांच्या संगीतांत आमच्या जवारीच्या जागीं आहे. तो फुटकळ किंवा कर्कश वाटला तर तो हेडफोन आमच्या तंबोऱ्यासही चालणार नाहीं. भाचा व आम्ही या एका कसोटीवर सहज एकमत झालों.

आतां पैशाविषयीं. प्रत्येक हेडफोनवर ओहमचा एक आंकडा दिलेला असतो. तो विद्युत्प्रवाहास होणाऱ्या अवरोधाचा. तीस-चाळीस ओहमचा हेडफोन मोबाइलवर किंवा संगणकावर सुखानें चालतो. सेनहायझरचा एचडी ६००, जो १९९७ पासून प्रसिद्ध आहे व ज्याची मनुष्याच्या कंठास न्याय देण्याविषयीं ख्याति आहे, तो ३०० ओहमचा. साध्या मोबाइलवर त्याचा आवाज पोंचतच नाहीं, त्यास निराळा लहान अ‍ॅम्प्लिफायर लागतो. त्याच कंपनीचा एचडी ५६०एस १२० ओहमचा, म्हणजे मधला. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो २५० ओहमचा असून तारसप्तकाकडे झुकलेला समजला जातो. तारषड्जावर रेंगाळणारी गायिका त्यांतून टोंचण्याचा संभव आहे. ग्राडो कंपनीचा एसआर ८० कमी ओहमचा व तुलनेनें स्वस्त, पण तो कानांभोंवतीं न बसतां कानांवर टेकतो. दीड तासाच्या बैठकीस तो दाब सोसेल कीं नाहीं हें ज्याचें त्यानें पाहावें. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरानें हेडफोन व अ‍ॅम्प्लिफायर मिळून किती खर्च होतो हें आधीं मांडावें, आणि जमत नसेल तर कमी ओहमचा घेऊन मोकळें व्हावें. अ‍ॅम्प्लिफायरवांचून घेतलेला ३०० ओहमचा हेडफोन म्हणजे बैलांवांचून घेतलेली गाडी. आणखी एक बारीक गोष्ट: चष्मा असणाऱ्यांनीं चष्मा घालूनच हेडफोन लावून पाहावा. गादी कडक असली तर अर्ध्या तासांत चष्म्याची काडी कानामागें रुतूं लागते, व मग दरबारीही गोड लागत नाहीं.

उघड्या हेडफोनचा खरा धोका त्याच्या उघडेपणांतूनच येतो. बाहेरचा गोंगाट आंत येतो, म्हणून मनुष्य आवाज वाढवितो. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांसाठीं आठवड्यास ४० तास ८० डेसिबलपर्यंत ही मर्यादा सांगितली आहे. दर ३ डेसिबल वाढले कीं सुरक्षित वेळ निम्मी होते. ८३ वर २० तास, ८६ वर १० तास. वार्धक्यांत वरच्या कंपनांचें ग्रहण आधींच मंदावतें. त्यांत ही भर घातली तर जवारी ऐकण्यासाठीं घेतलेलें यंत्रच जवारी हिरावून नेईल. ज्याच्या खिडकीखालीं रात्रंदिवस रहदारी आहे त्यानें बंद हेडफोनच घ्यावा. उघड्यासाठीं शांत घर पाहिजे.

आमचें मलकापूर शाळी नदीच्या कांठीं, आंबा घाट येथून जवळ. आठ महिने रात्रीं इतकी शांतता कीं नदीपलीकडचें कुत्रें ऐकूं येतें. पण आषाढ लागला कीं कौलांवर व पुढच्या पडवीच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळतो कीं उघड्या हेडफोनांत कोणताही राग लावला तरी मल्हारच ऐकूं येतो. तांब्यावरचा ठोका तर उघड्या कानांसही पोंचत नाहीं. म्हणून गेल्या पावसाळ्यांत आम्हीं हेडफोन कपाटांत ठेवला, आणि रात्रीं आक्कांच्या खोलींतच लहान स्पीकर लावून बसत असूं. चीज त्यांच्या आवडीची असे, आणि द्रुत सुरू झालें कीं त्या बहुधा झोंपीं जात.

हेडफोन पावसाळ्यांत कपाटांत ठेवावयाचा तर त्याच्या गाद्या काढून निराळ्या ठेवाव्या व आठवड्यास एकदां उन्हाची तिरीप मिळाली कीं वाळवाव्या; या हवेंत मखमलीस बुरा चढण्यास चार दिवस पुरतात. आमच्या गांवीं ऐकून निवडण्याची सोय नाहीं, म्हणून टपालानें मागविणाऱ्यांनीं परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे तें प्रथम विचारावें, आणि गाद्या व दोर हीं सुटीं मिळतात काय, हेंही विचारून घ्यावें. आमच्या घरच्या मांजरीनें पहिला दोर तिसऱ्या आठवड्यांतच कुरतडला. सुटा दोर मिळत होता म्हणून बरें, तरी तो येण्यास बारा दिवस लागले.